खांद्याचा क्लेम सेटल झाला: अमेरिकेच्या व्हॅक्सिन इंज्युरी प्रोग्रॅमचा रिव्ह्यू, पाचपैकी साडेतीन स्टार

नवऱ्याचा क्लेम सेटल झाला, पैसे आले, आणि ही बातमी न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळीत कशी कुणास ठाऊक पण पसरली, तेव्हापासून सारखे फोन आणि मेसेज सुरू आहेत. अर्ध्या लोकांना हवंय वकिलाचं नाव, उरलेल्यांना हवंय की म्हणजे लसीमुळेच झालं हे कोर्टाने मान्य केलं का. नाव इथे देणार नाही, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते पण जरा दमाने, कारण ते हो किंवा नाही असं एका शब्दात देताच येत नाही आणि या सर्व्हिसची सगळी गंमत (आणि सगळी चिडचिड) तिथेच आहे.

आधी एक स्पष्ट करते. हा लसीविरुद्धचा रिव्ह्यू नाही. आमच्या घरी सगळ्यांच्या सगळ्या लसी झाल्यात, फ्लूचा शॉट पुढच्या सीझनलाही घेतला, नवऱ्याने पण घेतला, फक्त दुसऱ्या हातात आणि डॉक्टरांकडे बसून. ज्यांना लसीवर राग काढायला मटेरियल पाहिजे त्यांनी इथूनच परत फिरावं.

झालं काय तर फार्मसीत फ्लू शॉट घेतला. कुठली फार्मसी ते लिहीत नाही, तसंही क्लेममध्ये फार्मसी पार्टी नसतेच. नवरा उभा, सुई टोचणारी व्यक्ती पण उभी, शर्टाची बाही वर गुंडाळायच्या ऐवजी कॉलरकडून खाली ओढलेली, त्यामुळे सुई दंडाच्या जाड स्नायूत जायच्या ऐवजी पार वर खांद्याच्या हाडाजवळ गेली. तिथे सांध्याभोवती बर्सा नावाची पिशवी असते, तिच्यात किंवा आजूबाजूला लस गेली की सूज येते आणि काही लोकांना ती महिनोनमहिने पुरते. याला इथे सिर्वा म्हणतात. नीट समजून घ्या, लसीत जे असतं त्याच्यात खोट आहे असं याचं म्हणणं नाही, टोचायची जागा चुकते. साधारण हाताची दोन-तीन बोटं खांद्याच्या हाडाखाली सोडून टोचायचं असतं, इतकं साधं आहे. शॉटनंतर दोन दिवस दंड दुखणं सगळ्यांनाच होतं, ते हे नव्हे. याला त्याच रात्री कुशीवर झोपता येईना, पुढे शर्ट घालायला मदत लागायला लागली, वरच्या कपाटातला डबा काढता येईना, गाडीत मागच्या सीटवरची बॅग ओढता येईना. एमआरआयमध्ये बर्सायटिस निघाला, कॉर्टिझोनचं इंजेक्शन झालं, फिजिकल थेरपी झाली. सर्जरी टळली. आता ऐंशी-पंच्याऐंशी टक्के बरा आहे, थंडीत कुरकुर करतो (खांदा पण आणि नवरा पण).

आता सर्व्हिसकडे येते. पूर्ण नाव नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम, सगळे व्हीआयसीपी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या डीपीटी लसीवरून कंपन्यांवर ढिगाने खटले पडले, कंपन्या लस बनवायचंच सोडायला लागल्या, किमती चढल्या, तुटवडा व्हायची पाळी आली. मग १९८६ मध्ये इथल्या काँग्रेसने (म्हणजे संसदेने) कायदा केला, अध्यक्ष रेगनने सही केली, आणि १९८८ च्या १ ऑक्टोबरपासून प्रोग्रॅम चालू. सौदा असा की दुखापत झालेल्याने थेट कंपनीला किंवा टोचणाऱ्याला कोर्टात खेचायच्या आधी इथे यायचं, इथे कुणाची चूक आहे हे सिद्ध करावं लागणार नाही, आणि पैसे एका फंडातून मिळतील. तो फंड कसा भरतो हे मला फार आवडलं: लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितके आजार टाळते त्या प्रत्येक आजारामागे ७५ सेंट टॅक्स. म्हणजे फ्लूच्या शॉटवर ७५ सेंट, एमएमआर तीन आजारांची म्हणून सव्वादोन डॉलर. तुम्ही आम्ही सगळ्यांनी न कळत भरलेली वर्गणीच आहे ती.

क्लेम वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये दाखल होतो. प्रतिवादी कोण, तर अमेरिकेचे आरोग्यमंत्री, म्हणजे त्या खुर्चीवर जो कोणी असेल तो. त्यांच्या बाजूने न्याय खात्याचे वकील. निकाल देणारा जज नसतो, त्याला स्पेशल मास्टर म्हणतात, ज्युरी नाही. आमच्यासारख्या सिर्वाच्या आणि गिलियन-बारेच्या (नसांचा एक आजार, जीबीएस) पुष्कळशा केसेस आधी स्पेशल प्रोसेसिंग युनिट नावाच्या गटात जातात, कल्पना ही की या बऱ्याचशा एकाच साच्याच्या असतात, सेटल होऊ शकतात, साक्षीपुरावे लांबवायला नकोत. आम्ही वॉशिंग्टनला एकदाही गेलो नाही. सगळं ईमेल आणि झूमवर.

पैशांची बाजू, जिथे मी खरंच पूर्ण स्टार देईन. दाखल करायची फी चारशेच्या आसपास डॉलर. वकिलाची फी? आपल्या खिशातून शून्य. आणि हे "जिंकलात तर तेहेतीस टक्के" वालं शून्य नाही, खरंच शून्य, कारण वकिलाची फी प्रोग्रॅम वेगळी देतो, तुमच्या रकमेतून कापत नाहीत, उलट वकिलाने क्लायंटकडून वर काही घेणं कायद्यानेच मना आहे. हरलात तरी, क्लेम प्रामाणिक होता आणि त्याला काहीतरी वाजवी आधार होता असं दिसलं तर वकिलाची फी मिळू शकते. त्यामुळे कुणी तुम्हाला टक्केवारी सांगत असेल तर सरळ उठून बाहेर पडा. आम्हाला एकाने सुरुवातीला असंच काहीतरी गोलगोल सांगितलं होतं, मी प्रोग्रॅमचे नियम त्याच्यासमोर वाचून दाखवले, मग त्याने फोन उचलणंच बंद केलं, बरं झालं. या कोर्टात काम करणारे वकील वेगळे असतात, कोर्टाच्या वेबसाइटवर त्यांची यादी आहे, तिथूनच घ्या, घराजवळचा ॲक्सिडेंटवाला वकील घेऊ नका. आमच्या वकीलबाई दुसऱ्या राज्यातल्या होत्या, कधी प्रत्यक्ष भेटलो नाही, काही अडलं नाही.

अटी तीन लक्षात ठेवा. पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करायचं, लस घेतल्यापासून नव्हे, लक्षणापासून. मृत्यू असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं, आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत. दुसरं, त्रास सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला पाहिजे, नाहीतर हॉस्पिटलात ॲडमिट होऊन सर्जरी झालेली पाहिजे. इथे पुष्कळांची गाडी अडकते कारण चार महिने थेरपी केली, बरं वाटलं, डॉक्टरकडे जायचं सोडलं, मग कागदावर त्रास चारच महिन्यांचा. तिसरं, टेबल. एक अधिकृत टेबल आहे, कुठली लस, कुठली दुखापत, किती वेळात सुरू झाली पाहिजे. सिर्वाला ४८ तास, फ्लू शॉटनंतरच्या गिलियन-बारेला ३ ते ४२ दिवस. टेबलात बसलात तर कारण सिद्ध करायची गरज नाही, गृहीत धरतात, मग सरकारने दुसरं कारण दाखवायचं. नाही बसलात तर डॉक्टर एक्स्पर्ट आणून लसीमुळेच झालं हे तुम्ही दाखवायचं, आणि ते फार लांबतं. सिर्वा टेबलात आलं २०१७ च्या मार्चमध्ये. २०२१ च्या सुरुवातीला ते काढायचा नियम निघाला होता, लागू व्हायच्या आधीच मागे घेतला, नाहीतर आमची केस वेगळीच झाली असती.

आता रेकॉर्ड्स. बाबांनो, हा क्लेम म्हणजे रेकॉर्ड्स. तुम्ही किती विव्हळलात याला किंमत नाही, डॉक्टरच्या नोटमध्ये काय टाइप झालंय याला आहे. लस दिल्याची नोंद हवी, त्यात कुठल्या हाताला दिली ते हवं (आमच्या फॉर्मवर डावा हात असं होतं, पुष्कळांच्या फॉर्मवर तो रकाना रिकामाच असतो म्हणे), लसीच्या आधीच्या तीन वर्षांचे सगळे मेडिकल कागद हवेत, का तर खांदा आधीपासून दुखत होता का ते बघायला. नवऱ्याला आधी कधीतरी मान दुखते म्हणून तपासलं होतं, त्या एका ओळीवर किती ईमेल झाले विचारू नका. सिर्वाच्या व्याख्येत दुखणं फक्त ज्या खांद्यात टोचलं तिथेच असलं पाहिजे आणि आधीची खांद्याची काही भानगड नको, त्यामुळे मान आली की सरकारी बाजूचे कान टवकारतात. त्यांच्या जागी मी असते तरी टवकारले असते.

आमच्या केसचा खरा पेच मात्र वेगळाच निघाला. शॉटनंतर माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पळत नाही. सगळे सांगतात की दुखतं दोन दिवस, जाईल. हळद-दूध, शेक, आयोडेक्स, सासूबाईंचं व्हिडिओ कॉलवरून तिळाचं तेल, असं करत काही आठवडे जातात, मग अपॉइंटमेंट मिळायला आणखी काही. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारलं किती दिवस दुखतंय, याने सांगितलं फ्लू शॉट घेतल्यापासून, आणि नोटमध्ये टाइप झालं "दोन आठवड्यांपासून". कदाचित घाईत, कदाचित त्या सॉफ्टवेअरच्या ड्रॉपडाउनमुळे. पण त्या दोन शब्दांनी हिशेब केला तर दुखणं ४८ तासांत नाही, चांगलं महिन्याने सुरू झालं असं होतं. पुढच्या नोटमध्ये, फिजिकल थेरपिस्टच्या, स्वच्छ लिहिलं होतं की लस घेतली त्याच दिवसापासून. म्हणजे एक कागद आमच्या बाजूने, एक विरुद्ध.

अशा वेळी लागतात अॅफिडेव्हिट. नवऱ्याचं, माझं, आणि वकीलबाई म्हणाल्या बाहेरचं कुणीतरी हवं ज्याने त्या आठवड्यात बघितलं. आणि इथे आला ढोल. नवरा इथल्या एका ढोल-ताशा पथकात आहे, शॉट झाला तेव्हा त्यांची एका कार्यक्रमाची तालीम चालू होती, दुसऱ्याच दिवशी तालमीला गेला आणि ढोल कमरेला बांधून दहा मिनिटांत सोडून बाजूला बसला. पथकातल्या मित्राने हे सगळं लिहून दिलं, तारखेसकट, कारण तालमीची हजेरी आणि त्या रात्रीचे ग्रुपवरचे मेसेज होते ("अरे काय झालं तुला, म्हातारा झालास काय" वगैरे, त्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं, सरकारी वकिलांनी वाचलं असेल तर मजा आली असेल). आता वॉशिंग्टनच्या माणसाला ढोल म्हणजे काय ते सांगायचं. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप, वजन कमरेवर पण सगळा जोर खांद्यातून येतो, आणि गणपतीत हे तासन्‌तास चालतं. मित्राने एवढं रंगवून लिहिलं की वकीलबाईंनी अर्धं कापलं. विसर्जनाचा एक फोटो पण निघाला ज्यात नवरा कमरेला ढोल बांधून हसतोय, सरकारी बाजूने विचारणारच की मग दुखत कुठे होतं. तो फोटो आम्ही आधीच स्वतःहून दिला आणि सांगितलं की फोटोपुरता बांधला होता, वाजवला नाही, आणि याला साक्ष आख्खं पथक. लपवाछपवी इथे महागात पडते, सोशल मीडिया बघतात.

मग वाट बघणं. सरकारतर्फे आरोग्य खात्याचे डॉक्टर फाइल बघतात आणि न्याय खात्याचे वकील रिपोर्ट देतात: मान्य, अमान्य, की बोलणी करायची इच्छा. मान्य केलं तर पुढे प्रश्न फक्त रकमेचा. आमच्याकडे आलं तिसरं. टेबलात बसतं हे मान्य नाही कारण ती दोन आठवड्यांची नोट, पण सेटलमेंटचं बोलायला तयार. वकीलबाईंनी समजावलं की लढू शकतो, ४८ तासांच्या मुद्द्यावर अॅफिडेव्हिट आणि थेरपिस्टची नोट धरून स्पेशल मास्टर आपल्या बाजूने निकाल देऊ शकतात, असे निकाल झालेले आहेत, पण उलटेही झालेत, आणि वेळ अजून लागेल. नवऱ्याला लढायचं होतं. त्याला ते "दोन आठवडे" फार लागलं होतं, आपण खोटं बोलतोय असं कुणीतरी म्हणतंय असं. मला मिटवायचं होतं. घरात चार दिवस जरा तणाव होता, सोडा ते.

रक्कम कशी ठरते ते सांगते कारण हे कुणी सांगत नाही. डॉक्टरची जी बिलं इन्शुरन्सने दिली नाहीत ती, पगार बुडला असेल तर तो, आणि वेदनेची भरपाई. शेवटच्यावर सगळी घासाघीस. याचा काही फॉर्म्युला नाही पण या कोर्टाचे जुने निकाल पब्लिक आहेत, शेकडो सिर्वा केसेस वाचता येतात, सर्जरी झाली का, इंजेक्शनं किती, थेरपी किती काळ, एमआरआयमध्ये काय, किती महिन्यांनी माणूस पहिल्यांदा डॉक्टरकडे गेला. दोन्ही बाजूचे वकील आपापल्या सोयीच्या केसेस काढतात आणि आकडे पाठवतात. आपण एक, ते एक, मग मधे कुठेतरी. हळूहळू, आठवड्या-आठवड्याने एक ईमेल. आमची केस सर्जरी नसलेली, पहिली व्हिजिट उशिराची, आणि तो ४८ तासांचा घोळ, त्यामुळे रक्कम त्या हिशोबाने कमी. आकडा लिहीत नाही, मात्र कुणी तुम्हाला सांगत असेल की फ्लू शॉटच्या खांद्यावर घर घेता येतं तर तसलं काही नाही.

सेटलमेंटचा कागद वाचला तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पहिल्या भागात: अर्जदाराचं म्हणणं आहे की लसीमुळे त्याला खांद्याची दुखापत झाली. लगेच पुढे: सरकारला हे मान्य नाही की त्याला सिर्वा झालं, हेही मान्य नाही की लसीमुळे ही किंवा दुसरी कुठलीही दुखापत झाली. आणि त्याच्या खाली: तरीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाद मिटवायचं ठरवलंय, सबब इतके डॉलर द्यावेत. सही करा. तो म्हणाला, अगं हे म्हणतायत झालंच नाही आणि पैसे पण देतायत? मी म्हटलं हो. स्पेशल मास्टरने कागद वाजवी आहे म्हणून मंजूर केला, जजमेंट निघालं, आम्ही ते स्वीकारतो असं कळवलं, पैसे आले. (न स्वीकारता सिव्हिल कोर्टात जायचा हक्क असतो, सेटलमेंट केल्यावर अर्थातच त्याला काही अर्थ राहत नाही.)

सासूबाईंना मी सांगितलं ते असं: गावाकडे बांधावरून भांडण झालं की पंच बसतात, इकडचे चार आणि तिकडचे चार ऐकतात आणि मिटवून टाकतात, बांध मुळात कुणी सरकवला हे कुणी ठरवत नाही. त्यांना पटलं. आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या काकांना पटलं नाही. त्यांनी लगेच टाकलं, "बघा, अमेरिकन कोर्टाने लसीमुळे नुकसान होतं हे मान्य केलं, आमच्याच घरातली केस!" आणि खाली तो नेहमीचा फॉरवर्ड की या प्रोग्रॅमने अब्जावधी डॉलर वाटलेत म्हणजे लसी किती घातक. काकांना मान देऊन सांगितलं की काका, असं नाहीये, तो मेसेज काढून टाका. नाही काढला. म्हणून इथे लिहिते.

प्रोग्रॅमने सुरुवातीपासून आजवर पाच अब्ज डॉलरच्या आसपास दिलेत हे खरं आहे. पण ज्यांना भरपाई मिळते त्यातल्या साधारण ६० टक्के केसेस आमच्यासारख्या, सेटलमेंटच्या, ज्यात सरकारने लसीमुळे झालं असा निष्कर्ष काढलेलाच नसतो. सेटलमेंट का होते, तर दोघांनाही हरायची रिस्क असते, वेळ आणि खर्च असतो. आणि सरकारचाच दुसरा आकडा बघा, २००६ पासून इथे वाटलेल्या दर दहा लाख डोसमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळालीये. त्यातही सिर्वाच्या केसेस गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणात आहेत, म्हणजे सुई वर टोचली गेल्याच्या. आणि या कोर्टात नुसतं आलं की पैसे मिळतात असंही नाही. ऑटिझमचे पाच हजाराहून जास्त क्लेम आले होते, २००९ मध्ये पहिल्या तीन टेस्ट केसेसचे निकाल लागले, तिन्हीत एमएमआर आणि थायमेरोसल (काही लसींत घालायचं पाऱ्याचं प्रिझर्व्हेटिव्ह) यांमुळे ऑटिझम होतो हे म्हणणं पुराव्यावर टिकलं नाही म्हणून फेटाळलं, २०१० मध्ये नुसत्या थायमेरोसलचंही तसंच झालं. म्हणजे हेच कोर्ट, हेच लवचिक नियम, आणि तरीही नाही. काका हा भाग कधी फॉरवर्ड करत नाहीत.

नवऱ्याबद्दल माझं मत विचाराल तर मला शंभर टक्के वाटतं की सुई चुकीच्या जागी गेली, मी ती रात्र बघितलीये. पण कोर्टाने ते म्हटलं का, तर नाही, आणि आम्ही सही केली तेव्हा हे माहीत होतं. ज्याला पैसे नकोत पण कुणीतरी अधिकृतपणे "तुझं खरं होतं" म्हणायला हवंय, त्याने सेटल करू नये, शेवटपर्यंत लढून निकाल घ्यावा, हरायची तयारी ठेवून.

आता कापलेले दीड स्टार. एक तर वेळ. कायद्यात लिहिलंय की स्पेशल मास्टरने २४० दिवसांत निकाल द्यावा, आणि तेवढ्यात नाही झालं तर तुम्हाला केस काढून घ्यायची मुभा. प्रत्यक्षात वर्षं जातात. का, तर कायद्याप्रमाणे स्पेशल मास्टर फक्त ८, सगळ्या अमेरिकेला मिळून. १९८० च्या दशकात मुलांच्या मोजक्या लसींसाठी केलेली व्यवस्था, २००५ मध्ये त्यात फ्लूची लस आली जी दरवर्षी कोट्यवधी मोठी माणसं घेतात, पण खुर्च्या तेवढ्याच. दुसरं, वेदनेची कमाल भरपाई अडीच लाख डॉलर, मृत्यूची पण अडीच लाख, आणि हा आकडा १९८६ चा आहे, महागाईप्रमाणे वाढवलेला नाही. आमच्यासारख्यांना फरक पडत नाही, ज्यांचं माणूस गेलं किंवा कायमचं व्हीलचेअरवर आलं त्यांच्यासाठी ही शरमेची गोष्ट आहे. तिसरं, निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर नावानिशी येतो, नाव झाकायचं असेल तर १४ दिवसांच्या आत अर्ज करायचा, आणि सगळं झाकून मिळेल याची खात्री नाही. आम्ही आद्याक्षरं मागितली. २०२५ मध्ये आरोग्यमंत्री केनेडी यांनी हा प्रोग्रॅम बदलणार असं जाहीर केलंय, बदल काय होतो त्यावर लक्ष ठेवा. खुर्च्या वाढवल्या तर टाळ्या, टेबलात काहीबाही घुसवलं तर मात्र फंडाचं आणि लसींचं दोन्हीचं वाटोळं.

तरी तुलना केली की बरं वाटतं. ब्रिटनमध्ये १९७९ पासून योजना आहे, एकरकमी १,२०,००० पाउंड, पण ६० टक्के अपंगत्व दाखवावं लागतं, तिथे आमचा खांदा दारातच परत पाठवला असता. आणि आपल्याकडे? २०२२ मध्ये कोविड लसीनंतरच्या मृत्यूंबद्दल सुप्रीम कोर्टात केंद्र सरकारने सांगितलं की लस घेणं ऐच्छिक होतं, नुकसानभरपाईची जबाबदारी सरकारवर टाकता येणार नाही, सिव्हिल कोर्टात जा. औरंगाबादच्या एका वडिलांनी डॉक्टर मुलगी गेल्यावर मुंबई हायकोर्टात १००० कोटींचा दावा लावला होता तो याच काळातला. मुलगी लसीनेच गेली का हे मी कोण सांगणार, पण विचारायला एक साधी खिडकी तरी असावी की नाही. सिव्हिल कोर्टात निष्काळजीपणा सिद्ध करत बसायचा म्हणजे नातवंडांपर्यंत केस.

फोनवर सगळ्यात जास्त विचारलेलं आता. एच-वन-बीवर आहोत, चालतं का? चालतं, नागरिकत्वाची अट नाही, लस अमेरिकेत घेतलेली असली पाहिजे, त्यामुळे भेटायला आलेल्या आईबाबांना इथे फ्लू शॉट दिला असेल तर तेही क्लेम करू शकतात. कोविडची लस? नाही, ती या प्रोग्रॅममध्ये नाही, तिच्यासाठी सीआयसीपी नावाचं वेगळं खातं आहे, तिथे मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष, वेदनेची भरपाई नाही, वकिलाची फी नाही, कोर्ट नाही, आणि पैसे मिळालेल्यांची संख्या हास्यास्पद कमी आहे, त्याला मी एक स्टार पण द्यायला नाखूश आहे. शिंगल्सची (नागिणीची) लस, जी पन्नाशीनंतर सगळे घेतात? तीही यात नाही, कारण मुलांना किंवा गरोदर बायकांना नेमाने द्यायच्या लसीच यादीत असतात, त्यामुळे शिंगल्सच्या शॉटने खांदा गेला तर इथे येऊन उपयोग नाही, साधा निष्काळजीपणाचा दावा लावावा लागेल आणि त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. आणि शॉट घेताना खुर्चीत बसा, टोचणाऱ्यालाही बसायला सांगा, बाही पूर्ण वर करा नाहीतर शर्ट काढा, लाजू नका.